यल्लम्माच्या नावानं झालेली हिंसा : पुस्तिकेत काय घ्यावं, काय गाळावं?

सीमावाचक

नमस्कार मंडळी. खानापूर भागातल्या एका वाचनालयासाठी सोळा पानी पुस्तिका तयार होते आहे. विषय बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावानं झालेली हिंसा. देवाला सोडलेल्या मुली, जट, लिंब नेसणं (अंगावर लिंबाचे डहाळे बांधून देवळात जाणं), आणि हे थांबवायला गेलेल्यांवर झालेले हल्ले. सध्याचा आराखडा असा : परशुरामानं आईचं, म्हणजे रेणुकेचं (यल्लम्मा तीच) मुंडकं उडवलं तिथून सुरुवात, मग देवदासी, मग १९८२ चा कायदा आणि शेवट.

अडचण अशी की सोडण्याच्या विधीबद्दल जिथं बघावं तिथं ‘मुलीचं देवाशी लग्न लावतात’ एवढं एकच वाक्य मिळतं. कायद्याबद्दल कुणी म्हणतं म्हैसूर सरकारनं १९०९ मध्येच बंदी घातली, कुणी १९३४ म्हणतं. बेळगावला यातलं नेमकं काय लागू होतं? जुने कागद कुठल्या नावाखाली शोधायचे? शिवाय एका डोंगरावरच्या नरबळीची गोष्ट म्हातारी माणसं सांगतात, ती घ्यावी का? जाणकारांनी सविस्तर लिहावं, घाई नाही.

दप्तरखाना

आधी कायद्याचा गुंता सोडवू. १९०९ चा हुकूम म्हैसूर संस्थानाचा, तोही सरकारी ताब्यातल्या देवळांमधल्या देवदासींच्या सेवेपुरता. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळं इथं त्याचा काही संबंध नाही. इथं लागू झाला तो मुंबई देवदासी संरक्षण कायदा, १९३४. त्यानं मुलगी वाहणं बेकायदा ठरवलं आणि वाहिलेल्या बाईनं लग्न केलं तर ते वैध मानलं. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. पुढं कर्नाटकाचा देवदासी समर्पण प्रतिबंध कायदा १९८२ मध्ये विधिमंडळात आला आणि १९८४ मध्ये अमलात आला. पुस्तिकेत दोन्ही वर्षं द्या. नाहीतर एक वाचक १९८२ म्हणेल, दुसरा १९८४, आणि सगळी चर्चा तिथंच अडकून बसेल.

पण ‘बेळगाव जिल्हा’ म्हणून आज आपण जो नकाशा बघतो तो तेव्हा सलग इंग्रजी मुलूख नव्हता, हे बहुतेक लेखांत सुटतं. रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं. बेळगावचंच शहापूर सांगलीकरांचं. रामदुर्ग हे तर सौंदत्तीला लागून असलेलं वेगळं संस्थान. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९२० मध्येच जोगतिणी आणि मुरळ्या (यल्लम्माला आणि खंडोबाला वाहिलेल्या बायका) यांच्याबाबत कायदा केला होता, म्हणजे मुंबईच्या १४ वर्षं आधी. तेव्हा रायबागकडच्या गावाबद्दल लिहिताना १९३४ चा दाखला देऊ नका, १९२० चा बघा. देवी एक आणि यात्रेकरूही तेच असले तरी ओढ्याच्या अल्याडपल्याड कायदा बदलत होता.

कागद शोधताना सौंदत्ती हे नाव टाकून फार काही हाती लागणार नाही. इंग्रजी अमदानीत तालुक्याचं नाव परसगड होतं. मुंबईच्या पुराभिलेखागारात १९५६ पूर्वीचे कागद आणि बंगळूरच्या अभिलेखागारात नंतरचे, अशी ढोबळ वाटणी धरून चाला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगावचा खंड एकविसावा, १८८४ चा. त्यात डोंगराचं, देवळाचं आणि यात्रांचं वर्णन आहे. ते जरूर वाचा, पण अधिकाऱ्याच्या नजरेनं लिहिलेलं आहे हे धरून. जातींबद्दलचे त्याचे शेरे जसेच्या तसे उचलले तर पुस्तिका दीडशे वर्षं मागं जाईल.

नरबळीचं विचारलंत. तारीख, ठाणं आणि खटला यातलं एकही सांगता येत नसेल तर गाळा. अशी एक सांगोवांगी घातली की बाकीची पंधरा पानंसुद्धा लोक सांगोवांगीच समजतात.

चौंडकं

विधीबद्दल लिहितो. ‘देवाशी लग्न’ हे वाक्य मोडायलाच हवं. त्यानं एका दिवसाचा सोहळा झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते तीन-चार टप्प्यांत आणि काही वर्षांत होतं.

पहिला टप्पा घरातला. मुलीच्या केसात जट दिसते, किंवा अंगावर खरूज-कोड येतं, किंवा घरात मुलगा नसतो, किंवा आजीच जोगतीण असते. कुणीतरी जाणती जोगतीण सांगते, आईनं हिला मागितलंय. इथं कुणी मारझोड करत नाही. भीतीच काम करते. आणि ही भीती कथेतूनच येते. नवऱ्याच्या, जमदग्नीच्या शापानं रेणुकेचं अंग सडलं, एकनाथ आणि जोगिनाथ या दोन साधूंनी तिला जोगुळभावी या कुंडाच्या पाण्यात न्हायला लावलं, घरोघर मागायला लावलं आणि ती बरी झाली, अशी डोंगरावरची कथा आहे. म्हणजे रोग, स्नान आणि जोगवा हा क्रम कथेतच बसवलेला आहे. मुंडकं उडवण्याचा भाग सगळ्यांना पाठ असतो, पण मुली देवाला गेल्या त्या या दुसऱ्या भागाच्या जोरावर. तुमच्या आराखड्यात कुऱ्हाड पहिली आहे, तिथं मी जोगुळभावी ठेवेन.

दुसरा टप्पा डोंगरावरचा, बहुतेक माघ पौर्णिमेला. तिला तिकडं भारत हुण्णिमे म्हणतात. मुलगी वयात येण्याआधीची. जोगुळभावीला अंघोळ, अंगावर लिंबाचे डहाळे, तिथून वर देवळापर्यंत चालत. सोबत कोरं लुगडं, खण, हिरव्या बांगड्या, नारळ, खारका, सुपाऱ्या, विड्याची पानं, भंडारा, परडी. जुन्या जोगतिणी तिला मधे बसवतात आणि गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ बांधतात. कन्नडमध्ये ‘मुत्तु कट्टोदु’, आपल्याकडं मणी बांधणं किंवा दर्शन बांधणं. पूजेचा खर्च आणि जोगतिणींचं जेवण मुलीच्या घरच्यांवर. त्यासाठी कर्ज काढलेलीही घरं असायची.

मणी बांधताना तिला नियम ऐकवतात, ते पुस्तिकेत जरूर घ्या. मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन निदान पाच घरं मागायची. गाय पिकात शिरली तर हाकलायची नाही. वासरू पीत असेल तर ओढायचं नाही. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी. कुणी शिव्या घातल्या तरी उलट बोलायचं नाही. कुठल्याही पुरुषावर नवरा म्हणून हक्क सांगायचा नाही. सुटे सुटे वाचले तर संतांच्या उपदेशासारखे वाटतात. दहा वर्षांच्या पोरीला एका बैठकीत सगळे ऐकवले की काय उरतं ते बघा. नाही म्हणायची सोय काढून घेतलेली असते.

तिसरा टप्पा ती वयात आल्यावर. झुलवा. गावातला किंवा शेजारच्या गावातला ऐपतदार माणूस लुगडं, धान्य, थोडं सोनं किंवा रोकड देऊन तिला ‘ठेवतो’. सौदा घरचे आणि मध्यस्थ करतात. त्यानं सोडलं की दुसरा, नाहीतर मुंबई-पुणे-सांगलीची वाट. या टप्प्यावर देवी कुठंच नसते. विधीचं वर्णन करणारे लेख मण्यांपाशी थांबतात आणि खरी हिंसा वाचकाला दिसतच नाही.

डोंगरवाट

वरचं सगळं मान्य, पण एक भर घालायला हवी. यल्लम्मा सीमाभागातल्या निम्म्या घरांची कुलदेवी आहे. मराठा, लिंगायत, धनगर, सगळेच परडी भरतात, होळगी-कडबूचा नैवेद्य करतात, ‘उदे गं आई उदे’ म्हणतात आणि घरी येतात. त्यांनी कुणाला सोडलेलं नाही. पुस्तिकेचा सूर ‘हा संप्रदायच हिंसक’ असा लागला तर गावात कुणी ती हातात धरणार नाही.

चौंडकं

@डोंगरवाट, बरोबर. पण याची दुसरी बाजूही लिहायला हवी. देवी सगळ्यांची आणि मुली मात्र बहुतांश मांग, मादिग, होलेय, महार या घरांतल्या. ठेवणारा बहुधा जमीनवाला. ‘अडाणी लोकांची अंधश्रद्धा’ असं लिहिलं की सगळा दोष मुलीच्या बापावर जातो आणि झुलव्याचे पैसे मोजणारा चित्रातून नाहीसा होतो. मुलगा नसलेल्या घरात सोडलेल्या मुलीला मुलाचा हक्क मिळायचा, घर-जमीन तिच्याकडं राहायची, बापाला पाणी तीच द्यायची, हेही खरं आहे. घराला तो हिशेब परवडत होता म्हणून तर प्रथा टिकली.

आणखी एक. मार्गशीर्षातली रांडव पुनव आणि चैत्रातली अहेव पुनव यांची गल्लत करू नका. सहस्रार्जुनानं जमदग्नीला मारलं म्हणून मार्गशीर्षात बांगड्या फोडतात, चैत्रात पुन्हा हिरव्या भरतात. तो देवीच्या वैधव्याचा विधी आहे, मुलगी सोडण्याचा नव्हे. मी पाहिलेल्या दोन लेखांत तरी बांगड्या फोडणं हीच ‘दीक्षा’ म्हणून छापलं आहे.

सीमावाचक

खूप उपयोगी. मग दोन उपप्रश्न. जट कापतात म्हणजे नेमकं काय करतात? पुस्तिकेत मागच्या पानावर माहिती म्हणून द्यावी असा विचार आहे. आणि विरोध करणाऱ्यांवरचा हल्ला सौंदत्तीलाच झाला होता ना?

कात्रीवाले

जटेचं सांगतो. आधी ती होते कशी ते लिहा. रोज गळणारे केस विंचरले नाहीत तर डोक्यावरच अडकून राहतात. घाम, तेल, धूळ, भंडारा यांनी ते चिकटतात आणि नमदा तयार होतो. कुणीतरी ‘जट आली’ म्हटलं की त्या दिवसापासून फणी बंद, न्हाणं बंद, वर हळद-कुंकू. म्हणजे बोटाएवढ्या गुंत्याची हातभर जट करायचं काम घरच करतं. वजनानं मान दुखते, टाळू ओढला जातो, आत उवा आणि फोड.

कापण्याआधी बाईची स्वतःची तयारी हवी, आणि घरातलं कर्तं माणूस समोर हवं. लेखी संमती घेतलेली बरी. आदल्या दिवशी न्हायला लावू नका. ओली जट दुप्पट जड होते आणि आवळते. कोरडीच कापायची. कात्री शिंप्याची, जाड पात्याची. न्हाव्याची नाजूक कात्री दोन मिनिटांत बोथट होते. टाळू आणि जट यांच्यामध्ये आपलं बोट सरकवायचं आणि कात्री बोटाच्या वरून चालवायची, म्हणजे कातडी चिमटत नाही. बोट शिरत नसेल तिथं जट आधी उभी चिरून दोन-तीन बारीक पदर करायचे. एका दमात कापायला गेलं की हिसका बसतो, बाई ओरडते आणि बघणारे म्हणतात, बघा, आई कोपली. आत जखम किंवा पू दिसला तर तिथंच थांबून डॉक्टरकडं. सगळं झालं की कोमट पाण्यानं आणि शांपूनं दोनदा धुवायचं. उवांसाठी परमेथ्रिन १ टक्क्याचं औषध, आणि लिखा फुटतात म्हणून सात ते दहा दिवसांनी पुन्हा एकदा.

कात्रीचं काम तासाभराचं. खरी जोखीम पुढच्या महिन्याची. त्या काळात घरात शेळी मेली, पोराला ताप आला, कुणी जिन्यावरून पडलं, तरी कारण जटच. म्हणून आठ-पंधरा दिवसांनी एकदा कुणीतरी त्या घरी चहाला जाऊन यायचं असतं. ते झालं नाही की पुन्हा फणी बंद. कापलेली जट काय करायची हा वाद दारात घालू नये. घरचे बहुतेक नदीत सोडायची म्हणतात. त्यांच्या हातात द्यावी.

वरदाकाठ

हल्ला सौंदत्तीचा नव्हे. चंद्रगुत्तीचा, शिमोगा जिल्हा, सोरब तालुका. तिथलं देऊळ रेणुकांबेचं, म्हणजे देवी तीच, म्हणून गोंधळ होतो. वरदा नदीत न्हाऊन विवस्त्र अवस्थेत डोंगरावरच्या देवळापर्यंत चालत जायचं, अशी तिथली बेत्तले सेवे. मार्च १९८६ मध्ये दलित संघर्ष समिती आणि इतर संघटनांचे कार्यकर्ते यात्रेकरूंना समजवायला थांबले होते, बंदोबस्ताला पोलीस होते. जमाव उलटला. कार्यकर्त्यांना आणि पोलिसांना मारहाण झाली, त्यांचे कपडे काढून त्यांना चालवलं गेलं, त्यात महिला पोलीसही होत्या. फोटो काढणारेही सुटले नाहीत. त्यानंतर सरकारनं तिथली नग्नसेवा बंद केली.

यातून घेण्यासारखी गोष्ट अशी की समजावणी यात्रेच्या ऐन दिवशी, अर्ध्या वाटेवर केली गेली. माणूस नवस घेऊन शंभर मैल आलेला, उपाशी, अंगात वारं आलेलं, मागं ढोल. त्या क्षणी त्याला अडवणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. नंतर कर्नाटकात जे टिकून झालं ते यात्रेच्या आधी महिनाभर, गावात आणि घरात जाऊन.

सौंदत्तीला लिंब नेसणं आता कपड्यांवरून डहाळे बांधून होतं. जुने आणि नवे फोटो एकत्र छापू नका, साल टाका. आणि उघड्या बायका-मुलींचे जुने फोटो तर छापूच नका. त्या अजून गावात राहतात.

आजचा कायदा म्हणून कर्नाटकाचा २०१७ चा अमानुष प्रथा आणि काळी जादू प्रतिबंधक कायदा सांगावा लागेल. अंमल २०२० पासून. नग्न पूजा, अंगाला गळ टोचून लोंबकळणं म्हणजे सिडी, गालातून सळई आरपार घालणं म्हणजे बायी बीगा, हे सगळं त्यात येतं. महाराष्ट्राचा तसाच कायदा २०१३ चा. कोगनोळीचा नाका ओलांडला की कायदा बदलतो, हे निपाणीकरांना सांगावं लागतंच.

घटप्रभाकाठ

कायदा का पुरा पडला नाही ते एका परिच्छेदात लिहा, कारण तोच प्रश्न सभेत विचारला जातो.

१९८२ च्या कायद्यात संमती असो-नसो, समर्पण गुन्हा होता. करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. पण करणारे आईबाप, पालक किंवा नातलग असतील तर शिक्षा जास्त : किमान दोन, कमाल पाच वर्षं, आणि दंड दोन ते पाच हजार. कागदावर हे योग्य दिसतं. प्रत्यक्षात तक्रार द्यायची तर मुलीनं स्वतःच्या आईला आत पाठवायचं. साक्षीदार कोण, तर मणी बांधणारी जोगतीण, म्हणजे तीही आरोपी. आणि ज्यानं झुलव्याचे पैसे दिले तो समर्पणाच्या दिवशी तिथं नव्हताच, त्यामुळं या कलमात तो सापडत नव्हता. मुलगी अल्पवयीन असेल तर त्याच्यावर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा कायदा लावता येतो, ते मात्र कुणी सुचवावं लागतं.

बंदोबस्त डोंगरावर आला तसं मणी बांधणं डोंगरावरून उतरलं. घरात, नदीकाठी, गावच्या छोट्या गुडीत (देवळात), रात्री, चार माणसांत. बंदीच्या पाट्या मात्र अजून डोंगरावरच आहेत.

आकडे द्यायचे तर सरकारी पाहणीचे द्या. १९९३-९४ मध्ये २२,८७३ देवदासी आणि २००७-०८ मध्ये आणखी २३,७८७, मिळून ४६,६६०, पूर्ण कर्नाटकात. ‘बेळगावात ४६ हजार’ असं छापून येतं, ती चूक टाळा. आणि हे आकडे वाचायची एक खुबी आहे. पाहणी पुनर्वसनासाठी होती, यादीत नाव आलं तर भत्ता. पण कायद्यानंतर सोडलेल्या मुलीचं नाव यादीत घालायचं म्हणजे गुन्हा कबूल करायचा. त्यामुळं यादीत मोठ्या वयाच्या बायका दिसतात आणि लहान वयाच्या दिसतच नाहीत. यादीवरून ‘प्रथा संपली’ असं अनुमान काढू नका.

पुस्तिकेत मागच्या पानावर जटेबरोबर हेही टाका : मुलगी सोडायची तयारी चाललेली कळली तर १०९८ ला फोन, आणि तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला लेखी. लेखी देताना मुलीचं वय, शाळा, कुठल्या पौर्णिमेला, कुणाच्या घरी, एवढं असलं तरी पुरतं. विधी झाल्यावर तक्रार करण्यापेक्षा आधी केलेली उपयोगी, कारण तेव्हा आईबाप आरोपी झालेले नसतात आणि माघार घ्यायला त्यांना वाट असते.

सीमावाचक

सर्वांचे आभार. आराखडा असा बदलतो आहे : जोगुळभावी, घरातली जट, मणी आणि नियम, झुलवा, मग १९२०-१९३४-१९८२ चा नकाशा, चंद्रगुत्ती, यादीचे आकडे. परशुराम दोन ओळींत. नरबळी गाळला. रायबाग-चिंचलीची मायाक्का आणि तिथले बकरे यात घ्यावेत का, एवढं फक्त राहिलं.

दप्तरखाना

नको. मायाक्काचा बळी हा वेगळा विषय. त्याला कर्नाटकाचा १९५९ चा पशुबळी प्रतिबंध कायदा लागतो. देऊळ, त्याचा परिसर आणि रस्त्यावरची धार्मिक मिरवणूक, तिन्ही त्यात येतात. सोळा पानांत दोन देव्या कोंबल्या तर बकऱ्याचं पान आणि मुलीचं पान समोरासमोर येईल. ते बरं दिसणार नाही.

छापण्याआधी एक बघा : ‘देवदासी’ हा शब्द शीर्षकात ठेवा, पण आतल्या मजकुरात जोगतीण, देवाला सोडलेली, मणी बांधलेली असंच लिहा. गावात हेच शब्द चालतात, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना वाचून कळायला हवं की हे आपल्याबद्दल आहे.